टोपणाची खूण

बसा रे डॉक्टरांनो, पुढची केस यायला वेळ आहे. ही आपल्या भूल देणाऱ्या सरांची गोष्ट. त्या रात्री प्रसूतीच्या खोलीत ट्रॉली माझ्याच हातात होती, म्हणून खात्रीने सांगतो.

मंगळवार, रात्रीचे बारा चाळीस. सर राजीनाम्याचं पाकीट ऑफिसात ठेवायला आले होते, गुपचूप. त्यांची मुलगी जाऊन सहा महिने झाले होते. तीही इथलीच शिकाऊ डॉक्टर, त्यांच्याच हाताखाली. पाठीत सुई घालण्याआधी सगळे नखाने दाबून जागेची खूण करतात. ही पोरगी पेनाचं टोपण दाबायची, छान गोल उमटायचा. एक दिवस सर सगळ्यांदेखत तिला नको नको ते बोलले. "हा काय पोरखेळ मांडलायस?" ती डबा तसाच टाकून स्कूटरवर निघाली. वाटेत ट्रक... तेच शेवटचं बोलणं. सरांनी त्यानंतर सुई हातात धरली नाही.

पाकीट ठेवणार, इतक्यात प्रसूतीच्या खोलीतून शिकाऊ डॉक्टरीण धावत आली. "सर, कळा थांबवायची पाठीतली सुई दोनदा चुकली. बाई कळांनी अर्धमेली झालीय. दुसरं कुणी नाहीये."

सर गेले. हातमोजे चढवले. बाई पाठ वाकवून बसली होती. "बघ हं, अशी," म्हणाले. सुई टेकवली. उचलली. पुन्हा टेकवली...

"बाबा, एक मणका खाली."

शिकाऊ पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. आमच्यापैकी कुणी बोललं नव्हतं.

सरांनी सुई त्या पोरीच्या हातात दिली.

"एक मणका खाली घे. सिरिंजचा दट्ट्या अडतोय ना? हळू दाबत राहा. घाई नको... ढिला पडला की थांब."

अडत होता. अडत होता... अलगद गेला. सुईतून औषधाची बारीक नळी बसली. थोड्या वेळाने बाईने मोकळा श्वास घेतला.

पट्टी लावताना शिकाऊ पोरगी थबकली. नळीभोवती टोपणाएवढा एक गोल उमटला होता, आणि टोपण तर कुणीच दाबलं नव्हतं. सर खाली वाकले. "चुकलो गं बाळा," एवढंच म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले.

राजीनाम्याचं पाकीट माझ्याच ट्रॉलीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं त्यांनी. टोपण दाबलं म्हणून आता ते कुणाला रागवत नाहीत.

दाबलेली खूण पाच मिनिटांत जाते, तुम्हाला माहीत आहे. सकाळी बाळ कुशीत घेऊन बाई कुशीवर वळली, नळी काढली... गोल तसाच होता.