आलोच

जीप वाळूत उतरली की पहिलं काम चाकांतली हवा सोडायचं. ड्रायव्हर उकिडवा बसला आणि एकेका टायरमधून फुस्स करत हवा सोडू लागला. टम्म फुगलेलं चाक वाळूत रुततं, बसकं चाक वाळूवरून चालतं, असं त्याने बाकीच्यांना समजावलं. बाकीचे म्हणजे सुट्टी काढून आलेली एक नर्स आणि नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं, जे अजून एकमेकांच्याच बाटलीतलं पाणी पीत होतं. सगळ्यांच्या पाठीला सॅक आणि अंगात उत्साह. या तरण्याताठ्यांच्या मेळ्यात पन्नाशी उलटलेली एक बाई होती. तिला बेटावर येताना बोटीवरच सगळ्यांनी मावशी करून टाकलं होतं.

"मावशी, एवढी मोठी सॅक? अख्खं घर उचलून आणलंत की," नर्स म्हणाली.

मावशी नुसत्या हसल्या. त्यांचे कपडे हातातल्या पिशवीत होते. पाठीवरची सॅक त्यांच्या मुलाची होती आणि तिच्यात मूठभर वाळूशिवाय काही नव्हतं. मावशींचा धंदा बॅगा आणि तंबू शिवण्याचा, तेव्हा सॅक कशी साफ करायची हे त्यांना कुणी शिकवायला नको. ही सॅक गेल्या वर्षी याच बेटावरून परत आली होती. त्यांनी ती उलटी करून झटकली, धुतली, शिवणी उसवून पुन्हा घातल्या. तरी चार दिवसांनी हात घालावा तर तळाशी वाळू असायचीच, आणि तीही ओली. डाव्या पट्ट्याला मोहरीच्या रंगाचं ठिगळ होतं. रंग जुळत नाही म्हणून मुलगा तेव्हा आठवडाभर रुसला होता.

मुलाला घरात भुंगा म्हणायचे. हाताला काम लागलं की त्याच्या मिटल्या तोंडातून गुणगुण सुरू व्हायची. गाणं कुठलं ते देवाला ठाऊक, सूर तर नव्हताच. आणि दुसरी खोड म्हणजे त्याचं ते 'आलोच'. जातो म्हणू नये, येतो म्हणावं, हे मावशींनीच त्याला लहानपणी शिकवलेलं. दारातून पाऊल टाकताना कुणी जातो म्हटलं की त्यांच्या काळजात चर्र व्हायचं. भुंग्याने शिकताना आळस केला आणि 'येतो'चं 'आलोच' करून टाकलं. दूध आणायला निघाला तरी आलोच, महिनोन्‌महिने परगावी कामाला निघाला तरी आलोच. आंघोळीला शिरला की नळ सोडून गुणगुणत बसायचा. वडील बाहेरून दार बडवायचे आणि आतून उत्तर यायचं, आलोच. "याचं आलोच म्हणजे कोर्टाची तारीख," असं ते म्हणायचे.

गेल्या वर्षी तो मित्रांबरोबर इथे आला होता. त्यांची जीप ओल्या वाळूत रुतली. चाकांखाली फळ्या सरकवून ती काढली आणि वर कोरड्या टेकाडावर मुक्काम ठोकला. तिन्हीसांजेला कुणाला तरी आठवलं, फळ्या खालीच राहिल्या. भुंगा उठला. "घेऊन आलोच," म्हणाला आणि धुक्यात उतरला. मागून भरतीचं पाणी आलं. सकाळी फळ्या सापडल्या, तो सापडला नाही.

तेव्हापासून त्याच्या वडिलांनी घराच्या दाराला कडी घालणं सोडलं. कुलपं आणि किल्ल्या बनवण्यात त्यांचा जन्म गेला होता. अख्ख्या वस्तीची दारं बंद करणारा माणूस स्वतःचं दार नुसतं लोटून ठेवायचा. जेवताना तिसरं ताट वाढायला लावायचा आणि त्या ताटातलं निवेपर्यंत स्वतः घास उचलायचा नाही. "तो आलोच म्हणालाय," एवढंच बोलायचा. पुढे पुढे तर घास उचलणंच राहून जाऊ लागलं. त्याच्या अंगावरचा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा लोंबू लागला. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण जगायचं त्यांनाच आहे. मावशींना स्वच्छ दिसत होतं, एक गेला तो गेला, आता हाही हातचा जाणार.

एका दुपारी सॅकमधली वाळू झटकता झटकता त्यांच्या मनात आलं, आपण या पोराला जाणं शिकवलंच नाही. मग तो जाणार कसा? त्याला कुणीतरी जा म्हणायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे आपणच. बसमध्ये, बोटीत, वाटभर त्या तो शब्द ओठांत घोळवत होत्या. जा. साधा शब्द. कुत्र्यामांजराला दिवसातून दहादा म्हणतो आपण.

दुपार कलता कलता जीप रुतलीच. ड्रायव्हर मान हलवत उतरला, टपावरच्या दोन लांब फळ्या काढल्या आणि मागच्या चाकांखाली सारल्या. सगळ्यांनी मिळून ढकललं. जीप एकदम उसळून निघाली ती थेट टेकाडावरच थांबली. नवऱ्या मुलाच्या तोंडावर चिखल उडाला, त्यावरून त्याच्या बायकोला हसू आवरेना. मग तंबू लागले, स्टोव्ह पेटला, चहाचं आधण ठेवलं. समुद्र लांब ओहोटीला गेला होता, दिसतही नव्हता. आणि बघता बघता खालून धुकं चढायला लागलं. ओल्या तागासारखा वास पसरला. माणसं एकमेकांशी हळू बोलू लागली, का, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

"अरे, फळ्या खालीच राहिल्या," नवरा मुलगा म्हणाला. कप खाली ठेवून तो उठला. "थांबा, आलोच."

ड्रायव्हरचा हात स्टोव्हवर तसाच राहिला. मावशींनी त्या मुलाचं मनगट धरलं. एवढ्या घट्ट, की तो दचकला.

"तू बस. मी आणते."

"मावशी, अहो जड आहेत त्या..."

"बस म्हटलं ना. बायकोजवळ बस."

त्यांनी सॅक पाठीला लावली. ड्रायव्हर त्यांच्यामागे चार पावलं आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ठिगळ मी बोटीवरच ओळखलं होतं. त्या दिवशी जीप माझीच होती. मी त्याला एकटं सोडायला नको होतं."

"तुमचा दोष नाही. त्याला कोण अडवणार? पाणी यायला वेळ आहे ना?"

"आहे. पण मी येतो बरोबर."

"नको. माझं त्याच्याशी काम आहे. तुम्ही जीपचे दिवे लावून ठेवा."

वाळू पायांखाली आधी मऊ होती, मग घट्ट झाली, मग ओली. जीपचे दिवे मागे दोन पिवळे डाग होऊन राहिले. चाकांच्या खुणा धरून मावशी चालत होत्या. फळ्या होत्या तिथेच होत्या, शेजारी शेजारी, अर्ध्या वाळूत. त्या थांबल्या. कान देऊन उभ्या राहिल्या. लांब कुठेतरी पाण्याची सळसळ, बाकी काही नाही. मग त्या सळसळीतून एक बारीक गुणगुण वेगळी झाली.

सूर नव्हता. गाणं कुठलं ते देवाला ठाऊक.

 मावशींना भीती वाटली, खोटं कशाला सांगा. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी आत दाटून आलं. वर्षभर त्या रडल्या नव्हत्या. घरात एकजण वाट बघत बसलेला असताना दुसऱ्याने रडायचं कसं? आता गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती. धुक्यात समोर काही दिसत नव्हतं. वास मात्र आला, त्याच्या साबणाचा, आणि त्याखाली समुद्राच्या तळाचा.

"भुंग्या..."

गुणगुण थांबली.

"बाळा, गारठला असशील रे."

 सॅकचा पट्टा खांद्यावर जरासा ओढला गेला, ठिगळापाशी. लहानपणी बाजारात तो असाच पदर ओढायचा. मावशींनी मागे पाहिलं नाही. आता, आताच म्हणायचं. शब्द जिभेच्या टोकावर होता.

"आई..." आवाज अगदी कानाशी होता, ओला, आणि नेहमीसारखाच घाईतला. "तू हो पुढे. आलोच."

आणि मावशी बोलून गेल्या. जन्मभर दारात उभं राहून जे बोलल्या तेच बोलल्या. विचार करायला वेळच मिळाला नाही.

"बरं. सावकाश ये."

बोलल्या आणि हात तोंडावर गेला. पण जिभेवरून सुटलेला शब्द कुठला परत येतो? त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. जा, जा, असं आत नुसतं घुमत राहिलं.  पायाच्या बोटांना गार पाणी लागलं. भरती सुरू झाली होती.

त्यांनी फळ्यांची टोकं काखेत धरली आणि ओढायला लागल्या. पहिली काही पावलं जीव निघाला. मग फळ्या हलक्या झाल्या. वाळूवर घासण्याचा आवाज बंद झाला. मागचं टोक कुणीतरी उचलून धरल्यासारखं वर आलं होतं आणि त्यांच्या पावलांना पाऊल देत होतं. मावशी रडत रडत चालत राहिल्या. घरातलं कपाट हलवताना ते दोघं असेच चालायचे, पुढे आई, मागे पोर. दिव्यांचा उजेड पायांवर पडला तेव्हा मागचं टोक धप्पकन खाली टेकलं.

ड्रायव्हर धावत आला. फळ्यांकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं.

"दोन्ही एकटीने आणल्यात?"

 त्याने फळ्यांचं मागचं टोक हाताने चाचपलं आणि हात पँटला पुसला.

"काय सांगितलंत त्याला?" त्याने हळूच विचारलं.

"ये म्हणाले."

ड्रायव्हरने फळ्या जीपच्या टपावर चढवल्या. "दुसरं काय म्हणणार," तो म्हणाला. "चला, चहा घ्या."

परतीच्या बोटीत मावशींनी सॅक मांडीवर घेतली आणि आत हात घातला. तळ कोरडा होता. शिवणीत बोटं फिरवली, सॅक उलटी करून झटकली, एक कण पडला नाही. मग त्यांना जरा बरं वाटलं. शब्दाचं काय एवढं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पोराला मनातलं कळतं. तोंडाने ये म्हटलं तरी आईला काय म्हणायचं होतं ते त्याला कळलं असेल. नर्सने बिस्किटाचा पुडा पुढे केला, त्यातली दोन त्यांनी खाल्लीसुद्धा.

घरी पोचल्या तेव्हा उन्हं उतरली होती. त्यांनी सवयीने दार लोटलं. दार उघडलं नाही.

आतून कडी होती.

 मावशींचे डोळे भरून आले. म्हणजे सुटला तो, आणि हाही सुटला. त्यांनी कडी वाजवली. नवऱ्याने दार उघडलं. दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता. टेबलावर तीन ताटं होती, दोन उष्टी, एक त्यांच्यासाठी वाढलेलं. वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू होतं.

"आज कडी लावलीत?" मावशी म्हणाल्या. "बरं केलंत हो."

"मग? आता कुणासाठी दार उघडं ठेवायचं?" तो म्हणाला आणि त्यांच्यामागे पुन्हा कडी घातली, वरचा बोल्टही सारला. "तू त्याला पुढे पाठवलंस ते बरं केलंस. पण ही खोड काही जायची नाही बघ. जेवून जो आंघोळीला शिरलाय, तो अजून निघतोय."

आत नळ वाहत होता. बंद दारामागून बारीक गुणगुण ऐकू येत होती.

मावशी तिथपर्यंत कशा गेल्या ते त्यांना कळलं नाही. त्यांनी दारावर तळहात टेकला. लाकूड बर्फासारखं गार होतं. एक शब्द म्हणायचा होता. अजूनही म्हणता आला असता. त्यांनी मागे वळून पाहिलं. नवरा पोराचं उष्टं ताट उचलून स्वयंपाकघराकडे निघाला होता, आणि तोही गुणगुणत होता.

"बाळा..." त्या म्हणाल्या.

गुणगुण थांबली. "आलोच," आतून आवाज आला.

दाराखालच्या फटीतून पाणी हळूहळू बाहेर सरकत होतं. त्यात वाळू होती. मावशी खाली बसल्या, अंगावरची ओढणी काढली आणि ते पाणी पुसायला लागल्या. नळ अजून चालूच आहे.