शेजारच्या सीटची जाळी

यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या गॅरेजमध्ये घडलेली ही गोष्ट आहे. रात्र नव्हती, अमावास्या नव्हती. उन्हाळ्यातला मंगळवार होता, भर दुपारी तीनची वेळ.

मामा गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. तीस वर्षं झाली. लोक त्याला 'बर्फवाले' म्हणतात आणि ते ऐकलं की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढतं.

त्या मंगळवारी सकाळी एक निवृत्त शिक्षिका जुनी पांढरी गाडी घेऊन आल्या. दोन महिन्यांपूर्वी मामानेच तिच्यात गॅस भरला होता. त्याचं कार्ड आरशाला अजून लटकत होतं.

'काटा अर्धा तास पाहिला. गळती नाही.' खाली मामाची सही.

गॅस भरण्याआधी पंपाने पाइपांतली सगळी हवा ओढून घेतात. मग पंप बंद करून मीटरचा काटा अर्धा तास पाहायचा. काटा हलला, तर कुठेतरी गळती आहे. मामाचा हा नेमच. त्याशिवाय कार्ड लिहायचं नाही.

फक्त दोन महिन्यांपूर्वीच्या त्या दिवशी त्याला कडकडून भूक लागली होती.

त्याने पाच मिनिटं पाहिलं, कार्ड लिहिलं आणि डबा उघडला.

"पुन्हा गरम हवा येतेय का, बाई?" मामाने विचारलं.

"पुन्हा कसली, मिस्त्री? चार दिवसांतच यायला लागली. ह्यांना तपासणीला नेत होते. रस्ता तुंबलेला, ऊन मी म्हणत होतं. हे म्हणाले, काच खाली कर. मी म्हटलं, थांबा हो, होईल गार. मिस्त्रींनी अर्धा तास तपासलंय..."

बाई थांबल्या.

"काच खाली केलीच नाही मी. दवाखाना येईपर्यंत हे गेले होते."

मामाने बॉनेट उघडलं, "वेळ लागेल बाई," एवढंच म्हणाला. घरी जाऊन तरी काय करू, म्हणत बाई बाहेरच्या बाकावर बसल्या.

गळती दहा मिनिटांत सापडली. इंजिनापुढच्या, गॅस थंड करणाऱ्या जाळीच्या कोपऱ्यात, सुईच्या टोकाएवढी. मामाने ती अख्खी जाळीच बदलली. या वेळी काट्यासमोरून तो हललासुद्धा नाही. पुरा अर्धा तास.

काटा जागचा ढळला नाही.

गॅस भरला. एसी लावला. आत बसून डॅशबोर्डवरच्या, गार हवा येते त्या प्रत्येक जाळीत थर्मामीटर धरला.

सात. सात. सात.

शेजारच्या सीटसमोरची शेवटची जाळी...

सदतीस.

मामाने थर्मामीटर बदलला. तरी सदतीस. म्हणजे माणसाच्या अंगाइतकं.

त्याने एसी बंद केला. इंजिन बंद केलं. किल्ली काढून हातात घेतली.

हवा येतच होती...

कोमट. ओलसर. थोडी यायची, थांबायची. पुन्हा यायची. कुणी कष्टाने श्वास घ्यावा तशी.

शेजारची सीट रिकामी होती. तिच्या बाजूच्या काचेवर आतून वाफ धरली होती.

मामाने पालथं पडून काचेचं हँडल गाठलं आणि गरागरा फिरवलं. काच पूर्ण खाली गेली.

श्वास थांबला.

"झालं का हो?" बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. "मिस्त्री, एक विचारू? त्या दिवशीही पूर्ण अर्धा तास पाहिला होता ना? की सगळी चूक माझीच?"

हाच तो क्षण होता. दोन शब्द बोलायचे होते.

मामा म्हणाला, "हो बाई. पूर्ण अर्धा तास."

त्याच्या मुठीतलं हँडल फिरलं...

त्याने फिरवलं नव्हतं.

उलट्या दिशेने, सावकाश, हात पिरगाळत. काच वर चढत गेली आणि बाईंच्या तोंडासमोर मिटली.

बाईंना वाटलं, मामानेच लावली. त्या गाडी घेऊन गेल्या.

मामाने हे मला गेल्या आठवड्यात सांगितलं, जमिनीकडे बघत. "त्यांना फोन कर," मी म्हटलं. तो म्हणाला, "तीनदा केला रे. त्या हॅलो म्हणतात आणि मी फोन ठेवून देतो. लाज वाटते."

म्हणून मी लिहितोय. बाई, वाचत असाल तर... काटा पाचच मिनिटं पाहिला होता. चूक तुमची नव्हती.

मामा शेजारी मान खाली घालून बसलाय. त्याला म्हटलं, खाली सही करतोस का, कार्डावर केली होतीस तशी? त्याने पेन माझ्याकडेच सरकवलं.

लिहायला बसल्यापासून या खोलीची खिडकी मी दोनदा उघडली आहे.

आत्ता ती बंद आहे.