दहा नंबरचं मशीन

अंजूने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं, हा ॲडमिशनसाठीच आलाय.

तिचीही काही चूक नव्हती. त्या वर्षी, दोन हजार पाच साली, लातूरच्या स्टँडवर उतरणारा दर दुसरा मुलगा कुठल्या ना कुठल्या क्लासचा पत्ता विचारत असायचा. अमृतराव सरांच्या क्लासमध्ये अंजू सकाळी काउंटर सांभाळायची आणि दुपारी वरच्या मजल्यावर मुलांना कॉम्प्युटर शिकवायची. खांद्याला बॅग, केसांत रस्त्याची धूळ, चेहऱ्यावर संकोच... असे चेहरे तिच्या रोजच्या ओळखीचे होते. तिने मान वर न करताच फॉर्म पुढे ओढला.

"नाव?"

"श्रीपाद."

"दहावीला किती?"

"एक्क्याण्णव."

"बारावीला?"

"सत्त्याऐंशी."

"चांगले हायेत की. मग रिपीट कशाला करायलात?"

तो हसला. आवाज न करता, नुसत्या डोळ्यांनी. "मी नांदेडहून आलोय," तो म्हणाला. "विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून. तुमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचंय."

अंजूने फॉर्म घाईने ओढून घेतला तेव्हा तिचे कान तापले होते.

सरांनी सराव परीक्षांसाठी दहा कॉम्प्युटर आणले होते. व्हायरसची कटकट नको म्हणून त्यांवर लिनक्स ही वेगळी प्रणाली टाकायचं ठरलं होतं, आणि शेवटच्या वर्षाला असलेला श्रीपाद ते करून देतो म्हणाला होता. तो आला त्या रविवारी दुपारी तीनपर्यंत नऊ मशीन तयार झाली. दहावं खिडकीजवळ होतं. सीडी घातली, पडद्यावरची निळी पट्टी सरकू लागली, सरकत सरकत एकाहत्तर टक्क्यांवर आली आणि थांबली. माउसचा बाण जागचा हलेना. कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागेना.

"पार गोठलंय," श्रीपाद म्हणाला. त्याने मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. या वेळी ते त्रेचाळीसवर गोठलं.

नांदेडची शेवटची गाडी निघायची वेळ झाली, तेव्हा तो पुढच्या रविवारी येतो म्हणून गेला.

पुढच्या रविवारी त्याने नवी सीडी आणली. त्याच्या पुढच्या रविवारी सीडी ड्राइव्ह बदलून पाहिला, केबल बदलली. चौथ्या रविवारी सुरुवातीलाच काही आज्ञा टाइप करून मशीनच्या एकेक सोयी बंद करून पाहिल्या. प्रत्येक वेळी तो आपण काय करतोय आणि का करतोय ते अंजूला सांगायचा. हळू आवाजात, गोष्ट सांगावी तसं. मग म्हणायचा, आता तुम्ही करा. ती टाइप करायची, तो खुर्चीमागे उभा राहायचा. त्याच्या शर्टाला साबणाचा आणि एसटीच्या डिझेलचा मिसळून वास यायचा. एकदा तिची चूक दाखवायला त्याने बोट पुढे केलं, ते तिच्या बोटाला लागलं... आणि दोघांनीही तिकडे लक्ष नसल्यासारखं केलं.

मधल्या बुधवारी संध्याकाळी पाचला क्लासचा फोन वाजायचा. तो विचारायचा, मशीन कसंय. ती सांगायची, तसंच हाय. एवढं सांगायला त्यांना वीस मिनिटं लागायची.

तिसऱ्या रविवारी त्याने सहज तिचं गाव विचारलं होतं. अंजू म्हणाली, "निलंग्याकडचं. आता न्हाई ते."

त्र्याण्णवचा भूकंप म्हटला की लोक तिला आपण किती कपडे पाठवले ते सांगायचे, नाहीतर टीव्हीवर काय पाहिलं ते. श्रीपादने तसलं काही सांगितलं नाही. तो म्हणाला, त्या पहाटे आमच्या गावीसुद्धा मांडणीवरची ताटं वाजली होती. आई उठली, दिवा लावला. "आणि मग आम्ही परत झोपलो," तो म्हणाला. मान खाली घालून, जणू ते त्याच्याच हातून झालं होतं.

त्या झुकलेल्या मानेकडे पाहत अंजूने कधी कुणाला न सांगितलेलं सांगितलं. अकरा वर्षांची होती ती. गणपती पाहायला निलंग्याला गुरम्मा आत्याकडे आली होती. बापाने सोडताना सांगितलं होतं, विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने न्यायला येतो. "मी आठ दिवस स्टँडवर बसून गाड्या बघितल्या," ती म्हणाली. पुढे आत्याने तिला वाढवलं. पुढे आत्या लातूरला आली, क्लासच्या पोरांसाठी खानावळ घातली. एवढं सांगून अंजूने डबा उघडला आणि अर्धी भाकरी त्याच्यापुढे ठेवली.

चौथ्या रविवारनंतरच्या गुरुवारी अंजू एकटीच मशीनपुढे बसली. श्रीपादने दिलेल्या छापील पानांत तिने एक गोष्ट वाचली होती. त्याच सीडीतून कॉम्प्युटरची मेमरी तपासता येते. तिने तपासणी लावली. निळा पडदा चुका दाखवणाऱ्या लाल ओळींनी भरून गेला. मशीनमध्ये मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या, दोन पट्ट्या होत्या. तिने एक काढली आणि तपासणी पुन्हा लावली. एकही लाल ओळ नाही. मग तिने सीडी लावली. निळी पट्टी एकाहत्तरच्या पुढे गेली, ऐंशीच्या पुढे गेली, शंभरावर पोचली. पडद्यावर स्वागताची अक्षरं आली.

अंजूला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पळत जाऊन सरांना सांगावं म्हणून ती उठलीसुद्धा. आणि दारातच थांबली.

आता रविवारी तो कशाला येईल?

बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग परत आली, खराब पट्टी होती तिथे बसवली आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. निळी पट्टी सरकली, आणि गोठली. तिने मशीन बंद केलं. त्यानंतर तीन दिवस तिला जेवण गेलं नाही.

रविवारी श्रीपाद आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, हातात सर्टिफिकिटांची फाइल घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला एका कंपनीत मुलाखत होती. इथूनच सहाच्या गाडीने जायचं होतं. तो कामाला लागला. चार वाजले. बाहेर अवकाळी आभाळ भरून आलं होतं, आणि दहा नंबर पुन्हा गोठलं होतं.

त्याने कपाळ पुसलं. "मंगळवारपासून सरांच्या परीक्षा आहेत," तो म्हणाला. "मी थांबतो आज. पुण्याचं पुढं बघू."

अंजू पुढे झाली, मशीनची बाजू उघडली, रॅमची पट्टी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"ही खराब हाय. आता लावा सीडी."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने सीडी लावली. पावसाचे टपोरे थेंब खिडकीवर वाजायला लागले.

"कधीपासून माहीत होतं?"

"गुरुवारपासून."

"मग कळवलं का नाही?"

"कळवलं असतं... तर आला असता का?"

इन्स्टॉलेशनला पस्तीस मिनिटं लागली. ती सगळी पस्तीस मिनिटं दोघं शेजारी शेजारी बसून पडद्यावरच्या निळ्या पट्टीकडे बघत होती, आणि अंजूला मनापासून वाटलं, हे गोठावं. ते गोठलं नाही. श्रीपादने फाइल उचलली. निघताना माणूस 'येतो' म्हणतो. तो "जातो" म्हणाला.

पुढच्या बुधवारी पाचला फोन वाजला नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी वाजला, तो उदगीरच्या एका पालकांचा होता. सराव परीक्षा छान चालल्या होत्या. खिडकीतून वारा येतो म्हणून मुलं दहा नंबरच्या मशीनसाठी भांडायची. अंजू त्यांना ओळीने बसवायची, वेळ लावायची, आणि त्या खुर्चीमागे उभं राहायचं टाळायची. तिसराही बुधवार तसाच गेला.

चौथ्या बुधवारी तिने पाच वाजायची वाट पाहिली नाही. सुट्टी टाकली आणि सकाळची नांदेडची गाडी धरली. चाकूर, अहमदपूर, लोहा... सगळा रस्ता ती काय बोलायचं ते ठरवत होती, आणि विष्णुपुरीला उतरली तेव्हा त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

होस्टेलच्या फाटकावर श्रीपाद आला तो पायात स्लिपर आणि घरातला सदरा घालून. तिला पाहून त्याचा चेहरा असा काही उजळला की तिचा प्रवासाचा अर्धा शीण तिथेच उतरला. ती दोघं धरणाच्या बाजूला जाऊन बसली. एप्रिल होता, तरी अडवलेली गोदावरी रुंद पसरली होती.

"राग आला होता मला," तो म्हणाला. "बार्शीपर्यंत."

"मग?"

"मग लाज वाटली. मी यावं म्हणून कुणीतरी एवढं केलं, आणि मी तोंड फिरवून निघून आलो. नंबर फिरवायचो... आणि ठेवून द्यायचो. ठरवलं होतं, नोकरीचं पत्र आलं की तेच घेऊन यायचं." पत्र सोमवारी आलं होतं. जुलैत पुण्याला रुजू व्हायचं होतं. त्याने एक खडा उचलला, परत ठेवला. "एक वर्ष, अंजू. तिथे बस्तान बसेपर्यंत. थांबशील?"

त्याने तिला पहिल्यांदाच 'तुम्ही' सोडून 'तू' म्हटलं होतं.

"न्हाई," ती म्हणाली.

त्याने तो खडा पुन्हा उचलला.

"माझं प्रेम हाय तुमच्यावर. तेच सांगायला आले मी. पण वाट बघायला नका सांगू. दुसरं काहीही सांगा... एकदा बघितली मी, आता जमत न्हाई. तुम्ही येणारच हे मला माहीत असलं तरी जमायचं न्हाई."

वारा पाण्यावरून आला आणि तिच्या ओढणीचं टोक त्याच्या हातावर पडलं. त्याने ते बाजूला केलं नाही.

"लातूरची पुढची गाडी किती वाजता आहे?" त्याने विचारलं.

"दोनला."

"आत्या घरी असतील?"

"संध्याकाळी खानावळीत..." ती बोलता बोलता थांबली. "अहो, कपडे तरी बदला."

"गाडी चुकेल," श्रीपाद म्हणाला, आणि उठला.

संध्याकाळी गुरम्मा आत्याने सगळं उभ्याउभ्या ऐकून घेतलं. मुलं जेवायला यायला अजून अवकाश होता. तिने त्याचं आडनाव विचारलं. तू काही आमच्यातला न्हाईस, म्हणाली. त्याने नाही म्हणून सांगितलं. आईबापाला ठाऊक आहे का, विचारलं. श्रीपादने खरं तेच सांगितलं, की अजून नाही, उद्या सांगतो. आई रडेल, पण ऐकेल.

आत्याने त्याच्या स्लिपरकडे पाहिलं. मग दाराशी भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या अंजूकडे किती तरी वेळ पाहिलं.

"पुण्याला जायच्या आदी उरकावं लागंल मग," ती म्हणाली. "पोरीला थांबवून ठिवू नगंस बाबा. लई थांबलीया ती."

अंजूने पाट मांडला. ताट वाढताना तिचं लक्ष त्याच्याकडेच होतं, आणि वरण पाटावर सांडलं.