एक्केचाळीस कार्डं

"अगं, उघड ना ते! कुणाचं आहे एवढं तरी सांगशील?"

क्लेटन व्हार्गो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कासावीस झाले होते, आणि त्यांची मुलगी लोरीन मात्र सकाळच्या टपालाने आलेलं ते जाड पाकीट हातात धरून खिळल्यासारखी उभी होती... पाठवणाऱ्याचं नाव तिने वाचलं होतं. एमिल डटको. तिचा सख्खा मामा! चार वर्षं ज्याने या घराची पायरी चढली नव्हती, तो मामा!

"मामाचं आहे," ती कशीबशी म्हणाली.

 क्लेटनची नजर आताशा जवळजवळ गेलीच होती, पण पाकिटाच्या दिशेने त्यांनी हात पसरला तो बरोबर.

आतून निघाली बेसबॉलच्या खेळाडूंची चित्रं छापलेली, शौकीन जमवतात ती कार्डं... सत्तावन्न सालची, प्रत्येक आपापल्या कडक प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं. सोबत मामाची चिठ्ठी. लोरीन वाचू लागली. "क्लेटन, झालं ते झालं. गुरुवारच्या मंडळींनी आपापल्या जादा कार्डांच्या पेट्या उपसल्या. तू नासवलेल्या एक्केचाळीसपैकी अडतीस जमली. राहिलेली तीन ओरेगनचा कुणी गृहस्थ पाठवतोय, त्याला आम्ही कधी पाहिलेलंसुद्धा नाही. तुझा संच पुरा कर. आता आपण असे किती दिवस काढणार? एमिल."

"माफ केलं त्याने मला..." प्लास्टिकवरून अंगठा फिरवत क्लेटन लहान मुलासारखे रडू लागले. "ऐकलंस ना लोरीन? एमिलने मला माफ केलं गं!"

माफ केलं! कुणाला? आणि कुणाच्या अपराधासाठी? लोरीनच्या काळजात कुणीतरी पातं फिरवावं तसं झालं. कारण ती कार्डं पपांनी कधी कापलीच नव्हती. ती कापली होती तिने, स्वतःच्या या दोन हातांनी!

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आई जाऊन तीन महिने झाले होते आणि पपांचा तो संच, चारशे सात कार्डांचा, पस्तीस वर्षांच्या खटपटीनंतर पुरा झाला होता. दर गुरुवारी फायर स्टेशनच्या हॉलमध्ये कार्डं जमवणारे हे सगळे म्हातारे जमायचे. कुणाला कुठला क्रमांक हवा ते सगळ्यांना पाठ असायचं आणि आपल्याकडे तो जादा असला की मोबदला न मागता समोरच्याच्या हातावर ठेवायचा, अशी त्यांची रीत! पपांची निम्मी कार्डं अशीच आलेली, कित्येक तर मामानेच दिलेली. मंडळींना संच दाखवायच्या दिवशी सगळं कसं देखणं दिसावं, दुःखात बुडालेल्या पपांच्या तोंडावर जरा हसू यावं, म्हणून लोरीनने गुपचूप एक्केचाळीस झिजलेल्या कोपऱ्यांची कार्डं ती नोकरी करायची त्या शाळेच्या ऑफिसात नेली आणि कागद कापायच्या यंत्राखाली धरून त्यांच्या कडा सारख्या केल्या... विरलेल्या पडद्याची कड कापावी तशा! तिला बिचारीला काय ठाऊक, की या लोकांत कार्ड फाटलं तर चालतं, मळलं तर चालतं, पण कापणं म्हणजे जुनं ते नवं म्हणून कुणाच्या तरी गळ्यात मारायची चोरांची चाल!

संच पाहायला घरी आलेल्या मामाने सगळी कार्डं टेबलावर ठोकून गठ्ठा सारखा केला, आणि एक्केचाळीस कार्डं केसभर खाली राहिली.

"ही कापली कुणी?" मामाचा आवाज चढला. "अरे, आम्ही दिलेली कार्डं ही! विकायला काढलीस की काय?"

लोरीन दारात ॲपल-पायची थाळी घेऊन उभी होती. तिने तोंड उघडलं... आणि त्याच क्षणी पपा शांतपणे म्हणाले, "मी कापली."

घरात कार्डांना हात लावणारं दुसरं होतंच कोण, पपांनी ओळखलं होतं; पण त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि ती? ती गप्प राहिली! भेकड, कृतघ्न, ती गप्प राहिली! त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, चार वर्षं!

"पपा," आता ती टेबलावरची किल्ली उचलत म्हणाली, "मी येतेच जरा."

"कुठे? लोरीन! काही बोलायचं नाही हं त्याच्याशी!" क्लेटन ओरडले. पण गाडी सुरू झाली होती.

मामा अंगणात पानं गोळा करत होता. लोरीन त्याच्यापुढे उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलून गेली... यंत्र, कडा, दारातलं ते मौन. "मला हवं ते बोल मामा, पण त्यांना चोर म्हणू नकोस. ते चोर नाहीत रे!"

 मामाने हातातलं दंताळं भिंतीला टेकवलं, डोक्यावर टोपी चढवली आणि तो मुकाट्याने तिच्या गाडीत जाऊन बसला.

स्वयंपाकघरात शिरताच मात्र तो कडाडला. "गाढवा! चार वर्षं! माझ्या बहिणीच्या थडग्यावर मी रविवारी जायचो आणि तू शनिवारी, तोंड दिसू नये म्हणून! एका शब्दाने सांगितलं असतंस तर?"

"सांगितलंस शेवटी?" क्लेटन लेकीवर उखडले. "कुणी सांगितलं होतं तुला शहाणपणा करायला?"

"का घेतलंत तुम्ही स्वतःवर, पपा? का?" लोरीन त्यांच्या गुडघ्यांशी कोसळली. "मला शिव्या बसल्या असत्या, तेवढंच ना!"

 क्लेटन तिच्या केसांवर चाचपडत हात ठेवून हळूच म्हणाले, "तुझा मामा काय तापट आहे ते तुला ठाऊक नाही. डटकोंचं रक्त ते. एकदा तोडलं की तोडलं! तुझी आई नुकतीच गेली होती गं... आईच्या माणसांतलं तुला दुसरं होतं कोण? म्हटलं, माझं काय, मला नाही बोलला तरी चालेल. पोरीला मामा तरी राहू दे."

एमिल मामा खुर्चीत बसला. त्याने टोपी काढून तोंडावर धरली आणि त्याचे खांदे हलू लागले.

पण लोरीनला रडूही येईना.  "पण मी... मी गेलेच नाही मामाकडे, पपा! कुठल्या तोंडाने जाणार होते? चार वर्षांत दोनदा गेले असेन."

"एकदा," टोपीआडून मामा म्हणाला. "नाताळात. केकचा डबा दारातच ठेवून पळालीस. मी आपला आत दोन कप मांडून बसलो होतो."

 मग क्लेटननी आपले विझलेले डोळे आवाजाच्या दिशेने वळवले आणि भाबडेपणाने विचारलं, "म्हणजे एमिल, मी फुकटच चोर झालो की काय?"

मामाला हसू फुटलं, रडता रडताच फुटलं, क्लेटनही हसू लागले. आणि त्या दोघा म्हाताऱ्यांच्या मधे जमिनीवर बसलेली लोरीन तेवढी पपांचा हात कपाळाशी घट्ट धरून हुंदक्यांनी गदगदत राहिली.