बसून आठवत नाही

भूमितीचा पेपर रंगात आला होता आणि सत्यशीला बाकावरून उठून सरळ चालायला लागली.

मूल गावच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये एकच हशा पिकला. तशी ती पहिल्या दिवसापासूनच पोरापोरींच्या डोळ्यावर आली होती. जंगलातल्या नाक्यावर राहणारी, कधी शाळेचं तोंड न पाहिलेली आणि घरी शिकून बाहेरून मॅट्रिकला बसलेली पोरगी! डोक्यानं कमी असेल, असं एकीचं म्हणणं. दुसरीला वाटत होतं, फिट येत असतील, म्हणून घरी ठेवली. आता तर त्यांना पुरावाच मिळाला.

"ओ बाई! कुठी चालली?" दारातून सुपरवायझर धावत आला. श्रावण त्याचं नाव. त्याच शाळेत नवा लागलेला मास्तर. मिशी अजून नीट फुटायची होती, पण आवाज मात्र हेडमास्तरांचा.

"कुठीच नाई, सर..." ती कावरीबावरी झाली. "मले बसून आठवत नाई."

खोटं नव्हतं ते. तिचे वडील देवाजी जंगलखात्यात नाकेदार होते. आई लहानपणीच गेलेली आणि शाळा दोन नाल्यांपलीकडे. म्हणून गस्तीला निघताना ते पोरीलाही बरोबर घ्यायचे आणि चालता चालता शिकवायचे. एका सागापासून दुसऱ्या सागापर्यंत पाढा, नाल्याच्या काठानं इतिहास, चढावर कविता. रोज पहिला प्रश्न ठरलेला, "काल कुठी राह्यलो होतो आपन?" आणि मग पावलं आणि धडा बरोबरच सुरू व्हायचे. लोक विचारायचे, पोरीला आश्रमशाळेत का नाही घालत? देवाजी म्हणायचे, "मले मास्तरनं दाराशी बसवलं होतं, चपलांजवळ. माही पोरगी बसनारच नाई. चालन."

हे सगळं त्या भरल्या हॉलात कसं सांगायचं? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. श्रावणनं ते पाहिलं असावं, कारण त्याचा आवाज एकदम खाली उतरला.

"पेपरात उठता नाई येत. तू बस, मी चालतो. माह्या पायाकडं पाह्य."

आणि तो खरंच चालायला लागला... तिच्या बाकापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून बाकापर्यंत. मागची पोरं खुसखुसली तरी थांबला नाही. त्याच्या फटक फटक वाजणाऱ्या झिजलेल्या चपलांकडे पाहता पाहता सत्यशीलाला नाल्याची वाट दिसली, साग दिसले, आणि अडलेलं प्रमेय हळूच सुटलं.

मोह गळायच्या दिवसांत तो सायकल हाणत नाक्यावर आला. म्हणे, जंगल पाहायचं होतं. पुढच्या रविवारी पुन्हा आला... तेव्हाही जंगलच पाहायचं होतं!

"तुले इथी करमते कसं?" तिच्या टोपलीत मोहाची फुलं टाकत त्यानं विचारलं. "ना वर्ग, ना मैत्रिनी."

"पहाटे याल तं दिसन. गावच्या सगळ्या बाया इथीच असतात. वर्गाहून जास्त कलकलाट."

"मले वाटलं होतं, घरी शिकलेली पोरगी मुकीच असन."

"आता बोलून राह्यली ना? कान दुखून राह्यले का तुमचे?"

"दुखू दे," तो म्हणाला आणि तिच्याकडे असा पाहत राहिला, की तिनं उगाच टोपली या हातातून त्या हातात घेतली.

निकाल लागला. ती पास झाली, तेही चांगल्या मार्कांनी. त्या दिवशी चालता चालता श्रावणनं तिचा हात धरला. "आईले घेऊन येतो," म्हणाला. तिला इतकं सुख झालं, की कधी नव्हे ती चालायची थांबली.

"फक्त एक गोस्ट..." त्यानं हात सोडला. "शाळेचं विचारलं तं चंद्रपूरचं सांग. हॉस्टेलात होती म्हन."

"काऊन?"

"आईनं लोकाच्या बांधीत धान रोवून मले शिकवलं. तिच्यासाठी शाळा म्हनजे सगळं. पोरगी घरी ठेवली म्हटलं का तिले पोरीतच खोट दिसन. एकदा लगन होऊ दे, मंग मीच सांगतो."

तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. माणूस चांगला होता. तिचं मन त्याच्यावर जडलं होतं.

आषाढातल्या एका कुंद दुपारी श्रावण आईला, आशाबाईंना, घेऊन आला. बाहेर रिपरिप चालली होती, घरात दुपारीच अंधारून आलं होतं. सत्यशीलानं चहा दिला आणि वडील कुठे आहेत म्हणून पाहिलं. इस्त्रीची खाकी घातलेले देवाजी स्वतःच्याच घरात दाराशी बसले होते. पाहुण्यांच्या ओल्या चपलांजवळ.

"पोरगी शिकली कुठी?" आशाबाईंनी विचारलं.

सत्यशीलानं तोंड उघडायच्या आत देवाजीच बोलले. "चंद्रपूरले. हॉस्टेलात होती."

म्हणजे श्रावणनं त्यांनाही पढवून ठेवलं होतं! ज्या माणसानं उन्हातान्हात, चिखलात तिला अक्षर अन् अक्षर शिकवलं, तो आज तिच्या लग्नासाठी स्वतःलाच पुसून टाकत होता.

"नाई, मावशी," ती उभी राहिली. "मी एकबी दिवस शाळेत गेली नाई. मले बाबानं शिकवलं."

आशाबाईंनी कप खाली ठेवला. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांचा चेहरा उतरला. "माह्या बापाले शाळेच्या पायरीवर चढू देत नव्हते, माय. अन् तुमी मिळालेली शाळा सोडली?" मग त्या देवाजींकडे वळल्या. "ते जाऊ द्या. पन खोटं काऊन बोलले, भाऊ?"

देवाजींनी मान खाली घातली.

सत्यशीलानं श्रावणकडे पाहिलं. एकच वाक्य हवं होतं... 'आई, मीच सांगितलं होतं तसं.' तो कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. पाऊस वाजत राहिला.

"खोट्या घरी सोयरीक नाई करत मी," आशाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

नाक्याच्या आडव्या बांबूपाशी श्रावण मागे रेंगाळला. आई डोक्यावर पदर घेऊन पुढे निघाली होती.

"शीला, मी सांगतो आईले. आज नाई, पन सांगतो. माह्यं तुह्यावर—"

"मालूम आहे. माह्यंबी आहे." किती सहज म्हणून गेली ती! याच शब्दांसाठी दोघं उन्हाळाभर झुरले होते, आणि ते निघाले ते असे, भिजत. "त्या दिवशी पूर्न हॉल हसत होता, तरी तुमी माह्यासाठी चालले, सर. आज माहा बाप मान खाली घालून बसला होता... अन् तुमी उठून उभेबी नाई राह्यले."

त्याचे ओठ हलले. "थांबशील ना माह्यासाठी?"

हो म्हणायला तिचा जीव तुटत होता.

"आई भिजून राह्यली तुमची," ती म्हणाली. "जा."

तिनं बांबू वर उचलला. तो सायकल ढकलत खालून निघाला. चिखलात त्याच्या चपला फटक फटक वाजत होत्या. त्या आवाजावर तिला पेपरात सगळं आठवलं होतं. आज मात्र तो ऐकू येईनासा व्हावा म्हणून ती बांबू धरून वाट पाहत राहिली.

पाठीमागे देवाजी घोंगडं पांघरून उभे होते. गस्तीची वेळ झाली होती. दोघं निघाली. चालता चालता देवाजींनी घसा खाकरला.

"काल कुठी राह्यलो होतो आपन?"

ती आठवू लागली. पहिला साग मागे पडला, मग दुसरा. पावलं पडत होती, पण काही म्हणता काही येईना.

"नाई आठवत, बाबा," ती म्हणाली आणि हुंदका फुटला.

देवाजींनी अर्धं घोंगडं तिच्या डोक्यावरून ओढलं.

"चाल," ते म्हणाले. "मी सांगतो."