शेजारच्या सीटचा बेल्ट

हे घडलेलं आहे. कोणी म्हणेल रचलंय, तर म्हणू दे. ज्या बेल्टबद्दल मी सांगणार आहे, त्याचा कापलेला तुकडा मी या हातात धरलाय. आणि ज्या पोरीच्या खांद्यावर त्याचा वळ उठला, ती माझी भाची आहे.

रात्रीबित्रीची भानगड नाही. गुरुवार, दुपारचे पावणेचार. लख्ख ऊन. रस्त्यावर बस, सायकली, शाळेतून सुटलेली पोरं…

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

माझी मावसबहीण नर्स आहे. आम्ही तिला ताई म्हणतो. घरोघरी जाऊन पेशंट बघते. कोणाचं ड्रेसिंग, कोणाला इंजेक्शन. दोन वर्षांपूर्वी भाऊजी गाडीच्या अपघातात गेले. तेव्हापासून घरात ती आणि आठ वर्षांची चिमणी, दोघीच. बसने पेशंट गाठता गाठता ताईच्या नाकी नऊ यायचे. शेवटी जुनी गाडी घ्यायची ठरलं.

बघायला मामा बरोबर गेला. मामा गॅरेजवाला. तीस वर्षं गाड्यांच्या पोटात डोकं घालून बसलेला माणूस.

डीलरकडे तिच्या बजेटमधल्या दोनच गाड्या होत्या.

पांढरी समोरून ठोकलेली. बॉनेट बदललेलं, दिवे बदललेले, सगळं कागदावर. सर्व्हिसिंगला दोनदा दांडी.

करडीला अपघात नाही. दर सहा महिन्यांनी सर्व्हिसिंग, शिक्क्यावर शिक्के.

मामा पांढरीखाली आडवा झाला आणि पाठीला धूळ लावून बाहेर आला. "ही घे, पोरी. मार खाल्लाय, पण बरी झालीय. आणि काही लपवत नाही."

"मामा, अपघाताची गाडी मी दारात उभी करणार नाही."

"अगं, पण ऐक तरी…"

"नाही म्हणजे नाही."

 तिच्यापुढे हा विषय ताणायचा नाही, एवढं मामाला कळत होतं.

मग तो करडीकडे वळला. मामाची एक सवय आहे. गाडी घेताना तो सगळे बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघतो. ठोकलेल्या गाडीत बेल्ट बदललेला सापडतो आणि डीलरची थाप उघडी पडते.

मागचे बेल्ट जुने, विटलेले. ड्रायव्हरचाही तसाच.

ड्रायव्हरच्या शेजारचा मात्र…

नवा कोरा.

"हा का बदललाय हो?" मामाने विचारलं.

डीलर हसला. "सर्व्हिसिंगमध्ये बदलला असेल. पुस्तकात असेलच की. गाडीला ओरखडा नाही, बघा तुम्ही."

ताईने सर्व्हिस बुक हातात घेतलं. अपघाताच्या नोंदीचं पान उघडलं. कोरं होतं. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि पुस्तक मिटलं.

बाकीची पानं तिने उघडलीच नाहीत.

पहिल्याच आठवड्यात सुरू झालं.

टिंग… टिंग… टिंग…

शेजारी कोणी बसलं आणि बेल्ट लावला नाही, की गाडी असं ओरडते. पण शेजारी कोणी नव्हतं. पर्ससुद्धा नव्हती.

मामाने सीटखाली हात घालून चाचपलं. "सेन्सर बिघडला असेल. सवडीने बघू. तोवर रिकाम्या सीटचा बेल्ट लावून टाक, म्हणजे बोंबलायची नाही."

तिने लावला. गाडी गप्प झाली.

रोजचंच झालं ते. आपला बेल्ट, मग शेजारचा बेल्ट, मग चावी.

आता यापुढचं ताईने तेव्हा कोणालाच सांगितलं नव्हतं.

भाऊजी कायम त्याच बाजूला बसायचे. गाडी ताई चालवायची आणि हे महाशय शेजारून हुकूम सोडायचे. हळू घे, हॉर्न दे, अगं ब्रेक! भांडणं व्हायची दोघांची. ती टिंगटिंग ऐकली, बेल्ट लावला की आवाज थांबला… आणि ताईच्या मनाने घेतलं, हेच आहेत.

ती बोलायला लागली.

"आज चार पेशंट आहेत हं." "चिमणी पावणेचारला सुटते, उशीर नको." "किल्ली मी हल्ली कुंडीखाली ठेवते."

एकदा सिग्नलला तिने मान वळवून बघितलं. रिकाम्या सीटवरचा बेल्ट सीटला चिकटून पडायला हवा ना?

तो चार बोटं पुढे होता… ताठ.

"मला भीती नाही वाटली रे," ती नंतर मला म्हणाली. "उलट रडू आलं. खूप दिवसांनी बरं वाटलं."

तीन महिने असेच गेले.

चिमणी नेहमी मागे बसायची. त्या गुरुवारी मागच्या सीटवर एका पेशंटचा वॉकर आडवा टाकलेला होता. म्हणून ताईने तिला पुढे बसवलं.

"आई, सीट गरम आहे."

"उन्हात होती ना गाडी."

गाडी सावलीत होती. हे ताईला घरी गेल्यावर आठवलं.

चिमणीला बेल्ट लावला, गाडी निघाली.

टिंग… टिंग…

"नीट लागलाय ना गं?"

"हो, हा बघ."

टिंग… टिंग… टिंग…

कोपऱ्यावरून वळल्यावर आवाज आपोआप थांबला.

"आई, घट्ट होतोय."

"हलू नकोस, सैल होईल."

"आई…"

पुढे काहीच नाही.

ताईने बघितलं. चिमणी सीटमध्ये दाबली गेली होती. तोंड उघडं, डोळे मोठे, आवाज नाही.

ताईने करकचून ब्रेक मारला आणि लॉकचं लाल बटण दाबलं. दाबलं, परत दाबलं. सुटेना. पोरीचे ओठ निळे पडत चालले होते. मागून हॉर्न वाजत होते. ताईने बॅग पायाशी उपडी केली, ड्रेसिंगची कात्री उचलली आणि बेल्ट कापायला घेतला. तो जाडजूड पट्टा काही केल्या तुटेना. तोंडाने ती एकच म्हणत होती, "सोड तिला, सोड तिला!"

शेवटचा धागा तुटला.

तुटलेलं टोक सप्पकन वर ओढलं गेलं.

चिमणीला उचलून ती फुटपाथवर आली. पोर खोकली, मग रडली. माणसं जमली, कोणी पाणी दिलं. ताई तिला पोटाशी धरून बसली होती.

मागे गाडीची दोन्ही दारं सताड उघडी. आत कोणी नाही.

टिंग… टिंग… टिंग…

"लॉक अडकतं कधी कधी," संध्याकाळी मामा म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. त्याने सर्व्हिस बुक मागितलं आणि गॅरेजच्या दिव्याखाली पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मी तिथेच होतो.

'शेजारच्या सीटचा सेन्सर बदलला.'

सहा महिन्यांनी, वेगळ्या गॅरेजचा शिक्का. 'शेजारच्या सीटचा सेन्सर बदलला.'

पुन्हा तेच.

आणि विकण्याआधीची शेवटची नोंद…

'शेजारच्या सीटचा बेल्ट बदलला. जुना कापलेला.'

 डीलर खोटं बोलला नव्हता. गाडीला खरंच ओरखडाही आला नव्हता.

कागदांत आधीच्या मालकाचा नंबर होता. ताईने तिथल्या तिथे फोन लावला. सगळं सांगितलं.  पलीकडच्या माणसाने एवढंच विचारलं,

"वेळेत कापलात?"

"हो."

 मग फोन बंद झाला. पुन्हा कधी लागला नाही.

करडी कोणाच्या गळ्यात मारायला ताई तयार झाली नाही. मामाने ती भंगारात दिली. पांढरी अजून डीलरकडेच होती, तीच घेतली. ती समोरून ठोकलेली असल्याचं आता ताईला काही वाटत नाही.

मागच्या आठवड्यात मी त्या गाडीत मागे बसलो होतो, चिमणीच्या शेजारी. ताईने आपला बेल्ट लावला. मग वाकून शेजारच्या रिकाम्या सीटचा लावला.

"अगं, या मॉडेलला तर सेन्सरच नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच लावते," ती म्हणाली. "त्या गाडीत निदान वाजायचं तरी. इथे बेल्ट ताठ झाला तरच कळणार."

थोडं अंतर गेल्यावर ती हळूच बोलली. "तीन महिने मी सगळं सांगत होते रे. शाळा कधी सुटते, किल्ली कुठे असते. मला वाटलं, हेच आहेत. पण हे असते तर पोरीला असं धरलं असतं का? मग मी सांगत कोणाला होते?"

 

सिग्नल लागला. ताईने मान वळवून शेजारच्या बेल्टकडे बघितलं. जरा पुढे वाकलो असतो, तर मलाही दिसला असता. मी खिडकीबाहेर बघत बसलो, मुद्दामच.

सिग्नल सुटला. काय दिसलं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. 

हल्ली ती गाडीत बोलतच नाही.