कुंपणातली मौनबैठक

१४ डिसेंबर २०२३, गुरुवार. मार्गशीर्षातली बीज. दिवसभर लख्ख ऊन होतं. दुपारनंतर वारा पडला आणि सूर्य कलल्याबरोबर थंडी जमिनीतून वर आली.

तारीख एवढी नेमकी, कारण देवानंद सर ती कधी चुकवत नसत. मोताळ्याचे देवानंद सर. विज्ञान शिकवायचे, आणि संध्याकाळी याच ओट्यावर येऊन बसायचे. गोष्ट त्यांचीच आहे. पटली तर ठेवा पोरांनो, नाही तर त्या शेकोटीत टाकून द्या.

त्या दिवशी सर नववीचा वर्ग घेऊन निसर्ग शिबिराला गेले होते. ज्ञानगंगेच्या जंगलाच्या कडेला एक जुनी रोपवाटिका आहे, तिथं. चहूबाजूंनी जाळीचं कुंपण, एकच फाटक, आत दोन खोल्या, आणि सागांमधून जाणारी एक पायवाट. मुलांनी दिवसभर झाडांच्या साली कागदावर उमटवल्या, सायाळीचा काटा कोणाला सापडला यावरून भांडणं केली, घरचे डबे वाटून खाल्ले. सोबत मराठीच्या सुचिता मॅडम होत्या. त्यांची मुलगी स्वरदा त्याच वर्गात. आणि तिथला राखणदार भागवत. मोठा थट्टेखोर गडी.

दुपारी जेवताना भागवतनं सुरू केलं, "रातच्याले इथं एक बाई येते बरं, पोरंहो. भाकर मागते."

"मग तुम्ही देता का?" शिवमनं विचारलं. वर्गातलं सगळ्यात वात्रट पोरगं ते.

"मी काऊन देऊ? मलेच पुरत नाही."

मुलं खिदळली. सर हसले नाहीत. आपण शास्त्र शिकवायला आणायचं आणि यानं भुतं शिकवायची, हे त्यांना पटलं नाही. हा रात्री काहीतरी चाळा करणार, अशी शंका तेव्हाच त्यांच्या मनात आली. शिवम त्याच्याशी कुजबुजताना दिसला, तेव्हा ती आणखी घट्ट झाली.

संध्याकाळी मौनबैठक होती. सरांच्या शिबिरात ती ठरलेलीच. दिवस मावळताना प्रत्येक मुलाला पायवाटेच्या कडेला एकेका झाडाखाली बसवायचं, एकाला दुसरा दिसणार नाही असं. बोलायचं नाही. बॅटरी लावायची नाही. नुसतं ऐकायचं. अंधार पडला की सर वाटेच्या पार टोकापासून निघणार. ज्याच्या खांद्याला हात लावतील त्यानं उठायचं, रांगेतल्या शेवटच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि चालायचं. खोलीचा दिवा दिसेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. सगळ्यात मागून भागवत.

सुचिता मॅडमना हे रुचलं नव्हतं. "अंधारात लेकरं एकेकटी, सर?"

"कुंपणाच्या आत आहेत, मॅडम. फाटकाला कुलूप आहे, किल्ली माझ्या खिशात आहे."

"स्वरदा कुठं बसणार?"

"मधोमध. मीच बसवतो तिला. माझ्या हातानं नेतोय, माझ्याच हातानं परत आणीन."

मॅडम खिचडी टाकायला खोलीकडे वळल्या.

सरांनी मुलं बसवली. अंधार पडला. रातकिड्यांनी कान भरले. मग टोकापासून सर निघाले. एकेक झाड. एकेक खांदा. सागाची वाळली पानं पायाखाली चुरचुरत होती आणि रांग मागं वाढत होती. स्वरदाच्या सागाशी ते आले. दोन वेण्या दिसल्या. त्यांनी खांद्याला हात लावला. ती उठली. सर पुढं झाले.

दहा पावलं गेल्यावर त्यांना वाटलं, आपल्या बोटांना गार लागलं. स्वेटर कसा नाही घातला हिनं?

पण मौन होतं.

मागं पानांचा आवाज येत होता. सरांनी कान दिला. चुरचुर, चुरचुर… मध्येच एक जागा रिकामी जायची. म्हणजे पावलाची वेळ यायची आणि आवाज यायचा नाही. नंतर पुन्हा चुरचुर. हा शिवम, त्यांना वाटलं. अनवाणी चालून गंमत करतोय. नाही तर भागवतनं काही शिकवून ठेवलंय. खोलीवर गेल्यावर दोघांनाही बघू.

पायरीवरचा पिवळा दिवा दिसला. रांग फुटली. मुलं एकदम बोलायला लागली, बूट काढून टाकून आतल्या उबेकडे पळाली. सर समाधानात होते. एकही खांदा सुटला नव्हता.

मॅडम डाव घेऊन बाहेर आल्या. "स्वरदा?"

"आत गेली ना."

"आत नाही."

सरांनी शिवमचा दंड धरला. "कुठं लपवलीस तिला? तू अन् या भागवतनं मिळून…"

"माय शप्पथ, सर, मी कायले लपवू? मी तर तिच्याच खांद्यावर हात ठेवून आलो."

"मग?"

शिवमनं आपल्या तळव्याकडे पाहिलं. "ओला होता, सर. खांदा. मले वाटलं दंव पडलं."

भागवतची थट्टा त्या घटकेला संपली. त्यानं बॅटरी उचलली. "चला सर. बोलत नका बसू."

तिघं धावत गेले. मॅडम पुढं. हाका मारल्या. उत्तर नाही. पुन्हा हाक. नाही. सर म्हणायचे, त्या वाटेवर त्यांनी देवाला नाही, मॅडमच्या पाठीला हात जोडले होते.

मग उजेड त्या सागावर पडला.

स्वरदा तिथंच होती. मांडी घालून. स्वेटर घातलेला, गळ्यापर्यंत. डोळे उघडे. बोलत नव्हती. मॅडमनी तिला छातीशी ओढलं तेव्हाही ती सरांकडेच बघत राहिली… परवानगी मागितल्यासारखी.

"बोल बेटा," सर म्हणाले. "संपलं मौन."

"मला नंतर नेणार होतात ना, सर? आधी तिला नेलंत."

"कोणाला?"

"माझ्याजवळ बसली होती तिला. मला वाटलं तुम्हीच बसवली. तुम्ही तिच्या खांद्याला हात लावलात. ती उठून गेली. मला नाही लावला, म्हणून मी बसले."

"अगं, पण हाक तरी मारायची…"

"मारणार होते. तिनं ओठावर बोट ठेवलं."

स्वरदाच्या शेजारची पानं कोणी बसून गेल्यागत दबली होती. भागवतनं उजेड तिकडे नेला आणि लगेच काढून घेतला.

मग सरांच्या ते ध्यानात आलं.

आपण तिला उठवलं. रांगेत घेतलं. खोलीवर नेलं.

खोलीत मुलं होती. एकटी.

ते कसे परत आले, त्यांना आठवत नव्हतं. दार लोटलं. मुलं घोळक्यानं बसली होती. सरांनी सगळ्यांना भिंतीला पाठ लावून उभं केलं. एकेकाला आपल्या तोंडानं नाव घ्यायला लावलं. चेहऱ्यावर उजेड. नाव. पुढचा. चेहरा. नाव.

सगळी होती. जास्तीचं कोणी नव्हतं.

"शेवटी कोण आलं आत?" सरांनी विचारलं.

मुलांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

त्या रात्री कोणी दिवा मालवला नाही. मॅडम स्वरदाला कवेत घेऊन कोपऱ्यात बसल्या. सरांकडे पाठ करून. सर उंबऱ्यात बसले, दार अडवून. बाहेरून आत कोणी आलं नाही. आतून बाहेर…

आतूनही कोणी गेलं नाही.

सकाळी धुकं होतं. फाटकाचं कुलूप जसंच्या तसं. गाडी आली. मुलांनी पायरीवरचे बूट घातले आणि गाडीत चढली. स्वरदा मॅडमचा हात धरून सगळ्यात आधी.

पायरीवर एक जोड उरला. पांढरे कापडी बूट, मुलीच्या मापाचे, ओले. टोकं खोलीकडे.

सरांनी गाडीत चढून विचारलं. सगळ्यांच्या पायांत बूट होते.

गाडी सव्वानऊला सुटली. सगळी मुलं मोताळ्यात उतरली. भागवतनं त्या खोलीला बाहेरून कुलूप लावलं. बूट त्यानं हलवले नाहीत.